प्रोग्रॅमिंगच्या धड्यांतले स्वाध्याय: सगळ्यांनी पाळावी अशी एक लेखनशैली ठरवूया

रिकामी_ओळ (धागाकर्ती)

आम्ही काही जण मिळून नवशिक्यांसाठी पायथनचे खुले धडे लिहितो. कुणीही भर घालावी अशी सोय आहे आणि लोक घालतातही. धड्यांचा मुख्य मजकूर संपादनातून जातो, त्यामुळे तो बराचसा एका सुरात वाचता येतो. स्वाध्यायांचं तसं झालेलं नाही. ज्याने लिहिला त्याच्या सवयीप्रमाणे तो राहिला.

एकच विषय घेऊन दाखवते. यादीतल्या संख्यांची बेरीज हा स्वाध्याय लूपच्या, फंक्शनच्या आणि फाइल वाचण्याच्या अशा तीन धड्यांत येतो. पहिल्यात गाळलेली जागा चार अंडरस्कोरनी दाखवली आहे, दुसऱ्यात तीन टिंबांनी, तिसऱ्यात 'इथे तुमचा कोड लिहा' अशी कॉमेंट आहे. उत्तर छापायला एका ठिकाणी एफ-स्ट्रिंग, दुसरीकडे फॉरमॅट मेथड, तिसरीकडे टक्क्याचं चिन्ह. सूचना कुठे 'लिहा', कुठे 'लिहावे', कुठे 'आपण लिहून पाहू'. अपेक्षित आउटपुट एकात वेगळ्या चौकटीत, एकात वाक्याच्या पोटात, एकात नाहीच.

शिकणाऱ्याला प्रश्न पडतो की तीन टिंबं असतील तर चार अंडरस्कोरपेक्षा वेगळं काही करायचं असतं का? हा प्रश्न अगदी रास्त आहे. एका विरामचिन्हाने प्रोग्रॅमचा अर्थ बदलतो हे आपणच त्याला पहिल्या धड्यात बजावलेलं असतं. तो बारकाईने बघायला शिकला, आणि आपण त्याच्यासमोर निरर्थक बारकावे ठेवले.

म्हणून माझं म्हणणं असं की स्वाध्यायात दिसणाऱ्या प्रत्येक फरकाला अर्थ असला पाहिजे. ज्याला अर्थ नाही तो फरक काढून टाकायचा. सगळं छान, नीटनेटकं दिसावं हा हेतू नाही. शिकणाऱ्याचं लक्ष मर्यादित असतं आणि ते ज्या गोष्टीसाठी स्वाध्याय दिलाय तिच्यावरच खर्च व्हावं, एवढाच हेतू आहे.

मसुदा म्हणून सध्या डोक्यात असं आहे. प्रत्येक स्वाध्यायाला काम सांगणारं शीर्षक असावं. 'स्वाध्याय ३' नको, कारण मध्ये एक नवीन घातला की पुढचे सगळे क्रमांक आणि त्यांचे उल्लेख हलतात. शीर्षकाखाली एका ओळीत प्रकार लिहायचा: गाळलेली जागा भरा, आउटपुट ओळखा, चूक शोधा, ओळी क्रमाने लावा, बदल करा, नव्याने लिहा. मग दिलेला कोड, मग काम, मग अपेक्षित आउटपुट आणि शेवटी मिटलेलं उत्तर. हा क्रम कधीही बदलायचा नाही. सूचना 'लिहा, चालवा, बदला' अशा सरळ, आणि एका वाक्यात एकच काम.

कार्पेंट्रीज या प्रोग्रॅमिंग शिकवणाऱ्या संस्थेच्या धड्यांत चॅलेंज आणि सोल्यूशन असे ठरलेले ब्लॉक असतात. सोल्यूशन मिटलेलं असतं, शिकणाऱ्याने उघडलं तरच दिसतं. हा ढाचा तिथून घ्यायला हरकत नाही. पण ढाचा घेतला म्हणून आतली भाषा आणि कोड आपोआप सुधारत नाहीत. तिथे काय करायचं, यावर तुमची मतं हवी आहेत.

अर्धविराम

गाळलेल्या जागेपासून सुरुवात करू, कारण इथे आवडीनिवडीचा प्रश्नच येत नाही. निकाल पायथनच देतो.

तीन टिंबं ही पायथनमध्ये वैध किंमत आहे, तिचं नाव एलिप्सिस. `टोटल = ...` ही ओळ विनातक्रार चालते. पुढे टोटल प्रिंट केलं तर पडद्यावर एलिप्सिस असा शब्द उमटतो आणि नवशिक्याला वाटतं, आपलंच काहीतरी बिनसलं. फंक्शनच्या पोटात नुसती तीन टिंबं ठेवली तर फंक्शन चालतं आणि नन (`None`, म्हणजे 'काहीच नाही') परत देतं. 'पास' लिहिलं तरी तेच. म्हणजे जागा रिकामी राहिली हे सांगणारं कुणीच नाही.

चार अंडरस्कोर म्हणजे पायथनच्या लेखी एक नाव आहे, फक्त त्याला किंमत दिलेली नाही. जागा न भरता प्रोग्रॅम चालवला की नेम-एरर येते, सोबत ओळीचा क्रमांक येतो. ती जागा भरली की एरर पुढच्या रिकाम्या जागेवर जाते. शिकणाऱ्याला एकेक जागा हाताला धरून दाखवली जाते आणि त्यासाठी आपण एक ओळही जास्तीची लिहिलेली नसते.

मात्र एक खाच आहे, ती नियमात यायलाच हवी. रिकामी जागा बरोबरच्या चिन्हाच्या डावीकडे ठेवू नका. `____ = 0` हे पायथन बिनबोभाट मान्य करतो, आणि त्यानंतरच्या सगळ्या रिकाम्या जागांना शून्य ही किंमत मिळते. आता एरर येणार नाही, चुकीचं उत्तर येईल. फॉर लूपच्या व्हेरिएबलच्या जागी अंडरस्कोर ठेवले तरी हेच होतं. आणि अंडरस्कोर चारच असावेत, एक नको. इंटरॅक्टिव्ह पायथनमध्ये एकट्या अंडरस्कोरला आधीच्या उत्तराची किंमत असते.

तिसरा_बाक

रिकामी_ओळताई, मूळ मुद्दा पटला. तरी एक काळजी नोंदवतो. नियमांची यादी लांबली की नव्याने लिहू पाहणारा माणूस दारातूनच परत जातो. तो विषय जाणणारा असतो, शिकवण्याची हौस असलेला असतो, आणि आपण त्याच्या हातात आधी दहा पानं ठेवतो.

म्हणून सूचना अशी की कोडच्या मांडणीबद्दल स्वतःचा एकही नियम लिहू नका. पायथनसाठी पेप ८ ही लेखनशैलीची नियमावली २००१ पासून आहे. चार स्पेसचं इंडेंटेशन (ओळीच्या सुरुवातीला सोडलेली जागा), फंक्शनची नावं लहान लिपीत अंडरस्कोरने जोडलेली, क्लासची नावं मोठ्या अक्षराने सुरू होणारी, हे सगळं त्यात आहे. त्याच दस्तऐवजात असंही म्हटलंय की प्रकल्पाच्या आतली सुसंगती नियमावलीशी असलेल्या सुसंगतीपेक्षा महत्त्वाची, आणि नियम कुठे लागू होत नाही हे ओळखणंही तितकंच महत्त्वाचं. आपल्याला हवी ती मोकळीक आधीच दिलेली आहे.

आणि पाळायचं कुणी? यंत्राने. ब्लॅकसारखा फॉरमॅटर, म्हणजे कोडची मांडणी आपोआप एकसारखी करणारा प्रोग्रॅम, लावला की जागा, कंस, अवतरणचिन्हं यांवरचे वाद संपतात. गो भाषेने तर फॉरमॅटर भाषेच्या सोबतच दिला, म्हणून गोच्या जगात टॅब की स्पेस हा वाद कुणी घालत नाही. माणसाने तपासायचे नियम पाच-सात राहिले तर लोक वाचतील, आणि वाचले तर पाळतील.

पडताळा

फॉरमॅटरला अनुमोदन, पण 'चूक शोधा' प्रकार त्यातून वगळावा लागेल. ज्या कोडमध्ये आपण मुद्दाम कोलन गाळलाय तो ब्लॅकला वाचताच येत नाही, तो तिथेच थांबतो. असे स्वाध्याय वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवा आणि ते फोल्डर तपासणीतून वगळा. शिवाय ब्लॅकची ओळीची मर्यादा मुळात ८८ अक्षरांची आहे, पेप ८ मध्ये ७९. धड्याच्या पानावरची कोडची चौकट दोन्हीपेक्षा अरुंद असते आणि मोबाइलवर तर फारच. ब्लॅकला हवी ती मर्यादा सांगता येते, ती ६० च्या आसपास ठेवा. आडवं सरकवत कोड वाचणं नवशिक्याला फार जड जातं.

मला खरं बोलायचंय ते अपेक्षित आउटपुटबद्दल. तिथे शैलीचा नियम नसला तर स्वाध्याय चक्क खोटा पडतो. काही ठिकाणं सांगतो.

सेट. स्ट्रिंग असलेला सेट प्रिंट करायला सांगितलं आणि खाली आपल्या मशीनवरचं आउटपुट चिकटवलं, तर शिकणाऱ्याला बहुतेक वेगळाच क्रम दिसणार. पायथन ३.३ पासून स्ट्रिंगचं हॅश (सेटमधला क्रम ज्यावर अवलंबून असतो ती संख्या) दर वेळी नव्याने बदलतं, त्यामुळे त्याच मशीनवर दुसऱ्यांदा चालवलं तरी क्रम बदलू शकतो. डिक्शनरीचं तसं नाही, ३.७ पासून घातल्याचा क्रम टिकण्याची हमी आहे. नियम असा करा: सेट प्रिंट करायचा तर सॉर्ट करूनच, नाहीतर क्रमाबद्दल बोलण्यासाठीच तो स्वाध्याय असावा.

दशांश. ०.१ आणि ०.२ ची बेरीज ०.३०००००००००००००००४ अशी छापली जाते. धडा जर लूपचा असेल तर त्यात हे प्रकरण नकोच. पूर्णांक घ्या, किंवा किती घरांपर्यंत छापायचं ते कामातच सांगा.

एररचे संदेश. ३.१० मध्ये सिंटॅक्स एररचे बरेच संदेश बदलले, ३.११ पासून ट्रेसबॅकमध्ये, म्हणजे एरर कुठे आली ते दाखवणाऱ्या मजकुरात, ओळीतल्या नेमक्या भागाखाली खुणा येतात. जुन्या आवृत्तीचा संदेश धड्यात राहिला की शिकणारा स्वतःच्या पडद्याशी तो ताडून बघतो आणि गोंधळतो. ट्रेसबॅक द्यायचा तर कुठल्या आवृत्तीचा ते चौकटीवर लिहा, आणि प्रश्न शेवटच्या ओळीतल्या एररच्या प्रकारावर विचारा. प्रकार सहसा टिकतो, शब्द बदलतात.

आणि कोडच्या चौकटीत तीन बाणांचं प्रॉम्प्ट (`>>>`) नको. उदाहरणं आपोआप तपासणाऱ्या डॉकटेस्टला ते लागतं हे खरं, पण शिकणारा चौकट जशीच्या तशी उचलून फाइलमध्ये चिकटवतो आणि पहिल्याच ओळीवर सिंटॅक्स एरर खातो. कोड एका चौकटीत, आउटपुट दुसऱ्या. तपासणीसाठी एक छोटी स्क्रिप्ट लिहू: ती कोडची चौकट चालवेल आणि मिळालेलं आउटपुट खालच्या चौकटीशी ताडेल. मी लिहून देतो.

मितभाषी

दोन छोटे मुद्दे. एक, 'लिहावे' नको, 'लिहा'च बरं. 'लिहावे' परीक्षेच्या प्रश्नपत्रिकेसारखं वाटतं. दोन, 'नुसतं', 'सोपं आहे', 'सहज जमेल' हे शब्द स्वाध्यायातून हद्दपार करा. ज्याला ते जमत नाहीये त्याला तेवढ्या एका शब्दाने आपण बाहेर काढतो. हे यंत्राला सांगता येतं, शब्दांची यादी दिली की झालं.

कंसपूर्ण

प्रकार वर लिहायचा हा नियम मला सगळ्यांत मोलाचा वाटतो, त्यामुळे त्यावर जरा सविस्तर लिहिते.

जॉन स्वेलर यांनी १९८८ मध्ये आकलनभाराचा विचार मांडला. त्याचं सार असं की कार्यरत स्मृती तोकडी असते, आणि मांडणी समजून घेण्यात ती खर्ची पडली तर शिकण्यासाठी उरत नाही. 'मला इथे नेमकं काय करायचंय' हा शोध दर स्वाध्यायाला घ्यावा लागणं हा असाच फुकटचा खर्च आहे. प्रकार ओळखीचा असला की शिकणारा थेट कामाला लागतो.

पण प्रकाराचं नाव दिलं म्हणजे त्याचे नियमही ठरवावे लागतात. 'ओळी क्रमाने लावा' घ्या. डेल पार्सन्स आणि पॅट्रिशिया हेडन यांनी २००६ मध्ये हा प्रकार मांडला, म्हणून त्याला पार्सन्स प्रॉब्लेम म्हणतात. यात दोन गोष्टी सांगाव्याच लागतात: इंडेंटेशन आधीच दिलंय की शिकणाऱ्याने ठरवायचं, आणि सगळ्या ओळी वापरायच्या आहेत की काही फसव्या आहेत. या दोन उत्तरांप्रमाणे काठिण्य पार बदलतं. एका धड्यात फसव्या ओळी आहेत, पुढच्यात नाहीत, आणि सांगितलं कुठेच नाही, असं झालं की शिकणारा बरोबर उत्तर हातात असतानाही उरलेल्या ओळींचा शोध घेत बसतो.

पर्यायी प्रश्नांसाठी एकच कडक नियम हवा. प्रत्येक चुकीच्या पर्यायामागे एखादा खराखुरा गैरसमज असला पाहिजे, आणि उत्तरात त्या प्रत्येकाचा खुलासा हवा. उदाहरणार्थ, अवतरणचिन्हांतल्या ५ ला ३ ने गुणलं तर काय मिळेल? १५ म्हणणारा स्ट्रिंगला संख्या समजतोय. एरर येईल म्हणणारा दुसऱ्या कुठल्या तरी भाषेचा नियम इथे लावतोय, किंवा स्ट्रिंगवर गुणाकार चालतो हे त्याला ठाऊक नाही. ५५५ हे बरोबर. चौथा पर्याय भरायचा म्हणून ७३ लिहिला तर तो कुणी निवडणार नाही, आणि निवडला तरी शिक्षकाला त्यातून काही कळणार नाही. तीनच पर्याय ठेवा.

आता कामाच्या मजकुराबद्दल. इलियट सोलोवे यांचा 'रेनफॉल प्रॉब्लेम' शिक्षणसंशोधनात १९८० च्या दशकापासून वापरला जातो. ९९९९९ ही संख्या येईपर्यंत संख्या वाचत राहा आणि त्यांची सरासरी छापा, एवढंच काम. दिसायला किरकोळ. पण पहिलीच संख्या ९९९९९ आली तर? भागाकार शून्याने होतो. ऋण संख्या आली तर ती धरायची की नाही? ९९९९९ स्वतः सरासरीत येतो का? प्रोग्रॅम चुकला की आपण विद्यार्थ्याकडे बघतो, पण कित्येकदा कामाच्या वाक्यातच तीन-चार निर्णय मोकळे सोडलेले असतात. म्हणून कडेच्या शक्यतांबद्दल नियम हवा. प्रत्येक 'नव्याने लिहा' स्वाध्यायात रिकाम्या इनपुटला काय व्हावं हे एक तर स्पष्ट सांगा, नाहीतर 'कोणत्या शक्यता राहून गेल्या ते शोधा' असं वेगळं काम म्हणून द्या. मोघम ठेवायचं नाही.

शून्यापासून

मी स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारा प्रोग्रॅम, वापरून प्रोग्रॅमिंग शिकलो आणि आता शिकवतो. इथल्या चर्चेत एक बाजू आलेली नाही, ती मांडतो.

कोडचा स्क्रीनशॉट कधीही देऊ नका. माझ्यासाठी ते रिकामं पान असतं. पर्यायी मजकुरात 'कोडचे चित्र' असं लिहिलेलं तर काहीच उपयोगाचं नाही. एररचाही स्क्रीनशॉट नको, तो मजकूर म्हणून द्या. ज्यांना दिसतं त्यांनाही तो शोधता आणि कॉपी करता येतो.

'लाल ओळ दुरुस्त करा' असं लिहू नका. ओळीचा क्रमांक द्या. रंग वापरायचाच असेल तर सोबत दुसरी खूणही हवी, आणि मजकूर व पार्श्वभूमी यांचा कॉन्ट्रास्ट निदान ४.५ ला १ हवा. डब्ल्यूसीएजी या वेबपानांच्या सुगम्यतेच्या नियमावलीत साध्या आकाराच्या मजकुरासाठी एए पातळीला तेवढी अट आहेच.

अर्धविराम यांचे चार अंडरस्कोर तर्काने पटले, पण कानाने ते कसे ऐकू येतात ते सांगतो. विरामचिन्हं वाचण्याची सेटिंग खालच्या पातळीवर असेल तर ते गाळलेही जातात आणि वाक्य जोडलं गेल्यासारखं ऐकू येतं. सेटिंग वरची असेल तर अंडरस्कोर अंडरस्कोर अशी माळ लागते. त्यावर तोडगा अवघड नाही. कामाच्या वाक्यात सांगा: 'दुसऱ्या आणि चौथ्या ओळीत एकेक जागा रिकामी आहे.' मग मी त्या ओळींवर जाऊन एकेक अक्षर ऐकेन. हे वाक्य सक्तीचं करा, ही माझी विनंती आहे.

अर्धविराम

@शून्यापासून, हे माझ्या ध्यानात कधीच आलं नसतं. पूर्ण सहमत. आणि हे वाक्य दिसणाऱ्यालाही कामाचं आहे, कारण किती जागा भरायच्या हे आधीच कळतं. तपासणीच्या स्क्रिप्टला अंडरस्कोर मोजता येतील आणि वाक्यातल्या ओळींशी ताडता येतील. पडताळा, जमेल का?

पडताळा

जमेल. ओळींचे क्रमांक ठरलेल्या साच्यात लिहिले तर नक्कीच. त्या निमित्ताने हाही नियम घ्या: कामाचं हे वाक्य नेहमी एकाच साच्यात.

आणखी एक गोष्ट मगाशी राहिली. लिहिणारे पुष्कळदा आधी वर्ड प्रोसेसरमध्ये लिहितात. तो सरळ अवतरणचिन्हांची वळलेली करून टाकतो. कोडच्या चौकटीत ती तशीच आली की पायथन 'अवैध अक्षर' म्हणून अडतो, आणि शिकणाऱ्याला दोन चिन्हांतला फरक डोळ्याने दिसतही नाही. वेबपानावरून उचललेल्या न तुटणाऱ्या स्पेसचं तर आणखी कठीण, ती साध्या स्पेससारखीच दिसते. या दोन्ही गोष्टी माणसाच्या भरवशावर ठेवू नका. स्क्रिप्ट कोडच्या चौकटीत ही अक्षरं शोधेल आणि बदल स्वीकारणारच नाही.

मितभाषी

अंकांचं काय? मजकुरात देवनागरी आणि कोडमध्ये इंग्रजी, असं चालेल?

कंसपूर्ण

मजकुरात काहीही चालेल, पण जी किंमत कोडमध्ये टाइप करायची आहे ती कामाच्या वाक्यातही कोडच्या फॉन्टमध्ये आणि इंग्रजी अंकांत लिहा. गंमतशीर तपशील असा की पायथनचं इंट फंक्शन देवनागरी अंकांची स्ट्रिंग घेतं आणि बरोबर संख्या करून देतं. पण तोच देवनागरी अंक थेट प्रोग्रॅममध्ये लिहिला की सिंटॅक्स एरर. म्हणजे इनपुटमध्ये चालतं आणि कोडमध्ये नाही. नवशिक्याने हे कोडं पहिल्याच आठवड्यात का सोडवावं? नंतर युनिकोडच्या धड्यात तो सुंदर स्वाध्याय होईल.

तिसरा_बाक

चर्चा वाचून माझा विरोध बराच मावळलाय, पण एक शंका उरते. सगळे स्वाध्याय एकाच साच्यातले झाले तर कंटाळवाणे होणार नाहीत का?

रिकामी_ओळ

साचा स्थिर ठेवला की विषयाला मोकळं सोडता येतं. बेरजेसाठी धावण्याच्या शर्यतीच्या वेळा घ्या, ग्रंथालयातली पुस्तकं घ्या, ग्रहांची अंतरं घ्या. शिकणाऱ्याला नवल त्या माहितीत वाटू द्या, 'इथे काय करायचं' या कोड्यात नको.

हे मात्र खरं की साच्याची गरज सगळ्या पातळ्यांवर सारखी नसते. नवशिक्याला मदत करणारा आधार जाणत्याला अडथळा होऊ शकतो. कल्युगा या संशोधकाने आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये यावर लिहिलंय. त्यामुळे शेवटच्या टप्प्यातल्या धड्यांत गाळलेल्या जागा बंद, नुसतं काम आणि इनपुट-आउटपुटचे नमुने द्यायचे. पण तो बदल टप्पा बदलताना करायचा आणि तिथे तसं सांगायचं. एकाच धड्यात दोन्ही सरमिसळ नको.

तिसरा_बाक यांच्या पहिल्या शंकेवर विचार केला, नियम तीन पातळ्यांत विभागते. इंटरनेटच्या मानकांत १९९७ पासून आरएफसी २११९ या दस्तऐवजाप्रमाणे 'असलेच पाहिजे', 'असावे' आणि 'असू शकते' हे शब्द ठरावीक अर्थानेच वापरतात. तसंच इथे. पहिल्या पातळीत ज्यामुळे स्वाध्याय चालत नाही किंवा कुणाला तो वाचताच येत नाही ते सगळं: चालणारा कोड, ताडून पाहिलेलं आउटपुट, स्क्रीनशॉट नको, रिकाम्या जागांचं वाक्य, प्रकाराची ओळ. यातलं बहुतेक यंत्र तपासेल. दुसऱ्या पातळीत भाषा, शीर्षकं, पर्यायांमागचे गैरसमज. हे समीक्षकाने बघायचं, आणि पटणारं कारण दिलं तर सोडून द्यायचं. तिसरीत उरलेलं, लिहिणाऱ्याच्या मर्जीवर. पहिल्यांदा लिहिणाऱ्याला फक्त पहिली पातळी दाखवू.

प्रत्येक नियमाशेजारी एका वाक्यात कारणही लिहायचं. कारण सांगता येत नसेल तर तो नियम खाली तिसऱ्या पातळीत जाईल.

अर्धविराम

पहिल्या पातळीत एक भर हवी, आणि त्यावर मी अडून बसेन. उत्तरात फक्त त्या स्वाध्यायापर्यंत शिकवलेलंच वापरलं पाहिजे.

लूपचा स्वाध्याय असतो: यादीतल्या सम संख्यांची बेरीज करा. शिकणारा फॉर, इफ आणि एक टोटल घेऊन सहा ओळी लिहितो. उत्तर बरोबर येतं. मग तो उत्तराची घडी उघडतो आणि आत असतं बेरीज करणाऱ्या `sum` फंक्शनचं एका ओळीचं जादूचं वाक्य, त्यात लिस्ट कॉम्प्रिहेन्शन (एका ओळीत यादी बनवण्याची रचना), जे तीन धड्यांनंतर येणार आहे. त्याला वाटतं आपलं चुकलं. आत्ता नेमका त्याला आनंद व्हायला हवा होता आणि आपण तो घालवला. उत्तर त्याच्यासारखंच सहा ओळींचं दाखवा. आखूड वाट दाखवायची असेल तर ती ज्या धड्यात शिकवली जाईल तिथे जुना स्वाध्याय परत आणा आणि 'आता हेच एका ओळीत लिहा' म्हणा.

कंसपूर्ण

शंभर टक्के. आणि हेही तपासता येतं: प्रत्येक धड्याला 'इथवर काय शिकवलं' अशी यादी जोडली तर कोडची रचना उलगडून दाखवणाऱ्या पायथनच्या एएसटी मॉड्यूलने उत्तरातल्या रचना काढून त्या यादीशी ताडता येतील. सगळं पकडलं जाणार नाही, पण कॉम्प्रिहेन्शन, लॅम्डा, ट्राय-एक्सेप्ट एवढं नक्की सापडेल.

तिसरा_बाक

जुन्या स्वाध्यायांचं कसं करायचं? एका दिवसात सगळे बदलायला बसलो तर निम्म्यात सोडून देऊ.

माझा प्रस्ताव असा. आधी पडताळा यांची स्क्रिप्ट नुसती इशारे देईल, अडवणार नाही. त्यातून जे चालतच नाहीत ते स्वाध्याय पहिले घ्यायचे. मग पहिले तीन धडे पूर्ण करायचे, कारण सवय तिथे लागते. बाकीचे ज्याने उघडले त्याने त्या वेळी दुरुस्त करायचे.

एक पथ्य सगळ्यांनी पाळा: शैलीचा बदल आणि आशयाचा बदल एकाच कमिटमध्ये (गिटमध्ये एकत्र नोंदवलेल्या बदलांत) टाकू नका. समीक्षकाला दीडशे ओळी हललेल्या दिसतात आणि त्यात बदललेला एक आकडा निसटतो. फॉरमॅटर चालवलेली कमिट वेगळी ठेवली तर तिचा क्रमांक एका फाइलमध्ये नोंदवून गिट ब्लेमला (कुठली ओळ कुणी बदलली ते दाखवणाऱ्या आज्ञेला) ती दुर्लक्षित करायला सांगता येते. गिट २.२३ पासून ही सोय आहे. मग एखादी ओळ खरी कुणी आणि का लिहिली हा इतिहास हरवत नाही.

रिकामी_ओळ

मान्य. पहिल्या पातळीचे नियम कारणांसकट एका पानात लिहून इथेच टाकते. लूपचा धडा मी घेते. फंक्शनचा अर्धविराम घेतील का? आणि शून्यापासून, दोन्ही धडे तयार झाले की स्क्रीन रीडरवर तुम्ही एकदा ऐकून बघाल का? तुमच्या होकारानंतरच साचा पक्का करू.

शून्यापासून

जरूर. लूपचा आधी पाठवा. त्यात 'चूक शोधा' प्रकारचा एक तरी स्वाध्याय ठेवा, आणि चूक इंडेंटेशनची असू द्या. एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर इंडेंटेशन बोलून सांगू शकतो, पण ते सुरू करावं लागतं. त्याची सूचना धड्याच्या सुरुवातीला द्यावी की त्या स्वाध्यायापाशी, हे तो प्रत्यक्ष ऐकल्यावर सांगतो.